इंधनाविना वीज : कारागिराने मांडावयाचा हिशेब

पुण्याच्या चांदणी चौकातून पश्चिमेकडे निघालेला पौड रस्ता बावधनच्या कडेने भूगाव, पिरंगुट, पौड अशी गावे घेत मुळशी धरणाकडे जातो. या पट्ट्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठोपाठ फॅब्रिकेशन, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, फर्निचर, शिवणकाम, गॅरेज, बेकरी असे व्यवसायही आले. या सर्वांच्या खर्चाच्या वहीत भाडे, मजुरी आणि माल यांच्याखाली एक रक्कम दरमहा येते, ती म्हणजे वीजबिल. भाडे करारात ठरलेले असते. मजुरी बोलून ठरविता येते. माल दोन दुकानांत भाव विचारून घेता येतो. विजेचा भाव मात्र ग्राहकाच्या हाती नसतो. तो वाढला की निमूट भरावा लागतो.

स्वच्छ ऊर्जा म्हटले की धूर, हवा आणि हवामान यांची चर्चा होते. ती योग्यच आहे. जमीन, पाणी आणि हवा ही अल्लाहने माणसाकडे सोपविलेली अमानत आहे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पण हे पान व्यापाराचे आहे. म्हणून येथे प्रश्न साधा आहे. पाणी, वारा आणि ऊन यांची वीज धंद्याला परवडते काय? परवडत असेल तर कोणाला, आणि कोणत्या अटीवर? या प्रश्नाचा पहिला धडा याच पौड रस्त्याच्या टोकाला, मुळशीच्या पाण्यात सापडतो.

मुळशीचे पाणी, मुंबईच्या गिरण्या

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्या कोळशावर चालत. खाणी मुंबईपासून फार दूर. कोळसा रेल्वेने किंवा जहाजाने आणावा लागे आणि त्याच्या भावात वाहतुकीचा मोठा वाटा असे. सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र पावसाळ्यात प्रचंड पाणी पडते आणि कोकणची बाजू एकदम खाली उतरते. माथ्यावर पाणी अडवून ते कोकणात सोडले तर त्याच्या जोरावर वीज तयार होईल, हा विचार टाटांच्या उद्योगसमूहाने अंमलात आणला. १९१५ साली खोपोलीचे, १९२२ साली भिवपुरीचे आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. यांपैकी भिऱ्याचे वीजघर रायगड जिल्ह्यात असून त्याला पाणी मिळते ते मुळशी धरणाचे. हे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते, वीज देते आणि पुढे कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळते.

गिरणीमालकांनी ही वीज घेतली ती हवा स्वच्छ राहावी म्हणून नव्हे. कोळशाचा भाव, वाहतूक आणि टंचाई यांतून सुटका व्हावी म्हणून घेतली. धरण, बोगदे, नळ आणि यंत्रे यांवर एकदाच मोठा खर्च झाला. त्यानंतर इंधन म्हणून जे लागते ते पावसाचे पाणी, आणि पावसाला भाव नसतो. भिऱ्याच्या वीजघराला शतक होत आले आहे आणि ते आजही वीज देते.

याच धड्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. त्या धरणाने मुळशी खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावांच्या भातशेतीवर आणि घरांवर पाणी फिरविले. १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट त्याचे प्रमुख नेते झाले. हा लढा १९२४ पर्यंत चालला, पण धरण थांबले नाही. वीज मुंबईला गेली आणि जमीन मावळातल्या शेतकऱ्याची गेली. म्हणजे वीज धुराच्या दृष्टीने स्वच्छ असली तरी हिशेबाच्या दृष्टीने स्वच्छ असेलच असे नाही. ज्याचा हक्क बुडाला त्याचे देणे हिशेबातून गळले तर स्वस्त दिसणारी वस्तू खरी स्वस्त नसते. आपल्या छपरावर आपल्याच पैशाने तयार झालेल्या विजेत हा दोष येत नाही, ही तिची जमेची बाजू आहे.

दाभोळचा उलटा धडा

इंधनावरच्या विजेचे काय होते, हे याच राज्याने किनाऱ्यावर पाहिले. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळ एन्रॉन कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाची बोलणी १९९२ साली सुरू झाली. १९९५ साली राज्य सरकारने करार रद्द केला. १९९६ साली तो नव्याने झाला आणि १९९९ साली ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. येथे इंधन नाफ्था होते आणि देणी डॉलरशी बांधलेली होती. तेल महागले आणि रुपया घसरला की युनिटचा भाव चढे. शिवाय वीज घेतली नाही तरी क्षमतेचा आकार द्यावाच लागे. राज्य वीज मंडळाला हा बोजा पेलवेना. २००१ साली वीजखरेदी बंद झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे निघाले. पुढे २००५ साली हा प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे गेला.

समुद्रकिनारा लाभलेल्या राज्याला इंधन बाहेरून आणणे सोपे जाते, कारण जहाज थेट बंदरात लागते. पण त्याच वाटेने परदेशातील भावही आपल्या वीजबिलात येतो. २०२१ साली देशात कोळशाची टंचाई झाली. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यावर जगभर कोळसा आणि वायू महागले. त्याच वर्षी केंद्र सरकारने वीज केंद्रांना देशी कोळशात काही प्रमाणात आयात कोळसा मिसळण्यास सांगितले. त्या लढाईशी बावधनच्या वेल्डरचा किंवा मालेगावच्या यंत्रमागवाल्याचा काय संबंध? तरीही बिलातील इंधन समायोजन आकाराच्या ओळीतून ती त्याच्या गल्ल्यापर्यंत पोहोचते.

भिरा आणि दाभोळ यांतून निघणारे तत्त्व असे. इंधनाच्या विजेत सुरुवातीचा खर्च तुलनेने कमी आणि रोजचा खर्च कायमचा असतो. पाणी, वारा व उन्हाच्या विजेत जवळजवळ सर्व खर्च सुरुवातीलाच होतो आणि रोजचा खर्च नाममात्र असतो. म्हणून उन्हाची वीज स्वस्त की महाग, हे ऊन ठरवीत नाही. आपण भांडवल कोठून आणि कोणत्या अटीवर आणतो, यावर ते ठरते. या लेखाचा सारा मुद्दा हा आहे.

आधी बिल वाचा

महावितरणच्या बिलात निरनिराळे आकार असतात. स्थिर आकार जोडणीबद्दल असतो आणि वीज वापरली नाही तरी द्यावा लागतो. वीज आकार व वहन आकार युनिटप्रमाणे लागतात. इंधन समायोजन आकार इंधनाच्या भावाप्रमाणे बदलतो. या सर्वांवर सरकारचे वीज शुल्क असते. छपरावर सौर पॅनेल बसविले म्हणजे युनिटप्रमाणे लागणारे आकार आणि त्यांवरचे शुल्क वाचते. स्थिर आकार वाचत नाही. ‘बिल शून्य होईल’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा.

दुसरी गोष्ट जोडणीच्या वर्गाची. घरगुती ग्राहकाला टप्प्यांचा दर आहे. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी, १०१ ते ३०० चा त्याहून जास्त आणि पुढे आणखी जास्त. सौर वीज आली की सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातील युनिटे आधी कमी होतात. म्हणून ज्याचे घर ३००-४०० युनिटे खाते त्याला फायदा मोठा, आणि जे घर ८०-९० युनिटांत भागते त्याला फारच थोडा. दुकानाच्या व्यापारी जोडणीचा युनिटचा दर घरापेक्षा वेगळा असतो, त्यामुळे तेथे वाचणाऱ्या युनिटाचे मोल आपल्या बिलावरूनच ठरवावे. यंत्रमागाला सरकारची वीज सवलत मिळते. त्यामुळे तेथे वाचणारा पैसा कमी असतो आणि भांडवल वसूल व्हायला जास्त वर्षे लागतात. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या बंधूंनी दुसऱ्याचा हिशेब आपल्याला तसाच लावू नये.

तिसरी गोष्ट बचतीची. सौर पॅनेल घेण्याआधी वाया जाणारी वीज थांबवावी, कारण इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या दीनने नापसंत केली आहे आणि व्यापारातही ती तोट्याचीच असते. शिवणयंत्राची जुनी क्लच मोटर शिवण थांबली तरी फिरत राहते. सर्व्हो मोटर पाय दाबल्यावरच फिरते. जुना छताचा पंखा साधारण ७० ते ७५ वॅट घेतो, तर नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. दहा यंत्रांच्या शिवण कारखान्यात एवढा बदल केला तर पुढे पॅनेलही कमी लागतील. आधी बचत करा, मग मोजमाप, मग खरेदी. हा क्रम उलटा झाला की गरजेपेक्षा मोठी यंत्रणा गळ्यात पडते.

पाच किलोवॅटचा हिशेब

आता एक उदाहरण घेऊ. यातील भाव गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या बिलावरचा दर आणि आपल्याला मिळालेले भावपत्रक येथे घालावे.

समजा फॅब्रिकेशनचा एक गाळा महिन्याला ६०० युनिटांहून थोडी अधिक वीज वापरतो आणि काम दिवसा चालते. पुणे भागात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाला साधारण १,४०० युनिटे देते. उन्हाळ्यात जास्त, आषाढ-श्रावणात कमी. पाच किलोवॅटची यंत्रणा वर्षाला ७,००० युनिटे देईल. तिला अंदाजे ५०० चौरस फूट, सावली न पडणारी जागा लागेल. किंमत किलोवॅटला ५५ हजार धरली तर एकूण २,७५,००० रुपये.

युनिटमागे एकंदर १० रुपये वाचतात असे धरू. वर्षाला ७०,००० रुपये वाचले. धुणे, पुसणे, किरकोळ दुरुस्ती यासाठी ५,००० वजा करा. निव्वळ बचत ६५,०००. म्हणजे सव्वाचार वर्षांत भांडवल परत आले. पॅनेलच्या उत्पादनाची हमी साधारणपणे २५ वर्षांची असते. इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागेल. त्याचे ४०,००० धरू.

आता २५ वर्षांचा हिशेब करा. किंमत २,७५,०००, देखभाल १,२५,००० आणि इन्व्हर्टर ४०,०००, मिळून ४,४०,००० रुपये. पॅनेल दरवर्षी थोडे थोडे मंद होते, हे लक्षात घेऊन २५ वर्षांत १,६०,००० युनिटे धरू. एक युनिट पडले २ रुपये ७५ पैशांना. हा भाव २५ वर्षांसाठी बांधलेला आहे. कोणते युद्ध झाले, रुपया किती घसरला, याचा त्याच्याशी संबंध नाही.

डिझेल जनित्राशीही तुलना करून पाहा. लहान जनित्र एका लिटरमध्ये तीन-साडेतीन युनिटे देते. लिटरचा भाव ९० रुपये धरला तर युनिट २५ ते ३० रुपयांना पडते, आणि यंत्राची झीज वेगळीच.

मोठ्या प्रमाणावरही हेच चित्र दिसते. २०१७ साली मध्य प्रदेशातील रीवा सौर प्रकल्पाच्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला. त्याच वर्षी राजस्थानातील भडला येथे २ रुपये ४४ पैसे, आणि २०२० च्या अखेरीस गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे निघाला. आपल्या राज्यानेही शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना घेतली आहे. सरकार दयाळू झाले म्हणून हे घडले नाही. पॅनेल स्वस्त झाले आणि इंधनाचा खर्च नाही, हा साधा हिशेब त्यामागे आहे.

व्याज कोठे शिरते

वरचा हिशेब रोख खरेदीचा होता. आता हेच २,७५,००० रुपये १२ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले असे समजा. मासिक हप्ता सुमारे ६,११७ रुपये. पाच वर्षांत एकूण सुमारे ३,६७,००० रुपये भरले. त्यात व्याज ९२,०००. एक युनिट आता २ रुपये ७५ पैशांऐवजी ३ रुपये ३२ पैशांना पडले. उन्हाने तेवढीच वीज दिली, पॅनेल तेच, छप्पर तेच. वाढलेले सत्तावन्न पैसे सर्वस्वी पैशाच्या भाड्याचे.

यातून एक मोठी गोष्ट ध्यानात येते. इंधनाच्या विजेत फायदा इंधनवाल्याला जातो. उन्हाच्या विजेत खरेदीदार सावध नसेल तर तोच फायदा सावकाराला जातो. शिवाय धंदा मंदावला, पॅनेल नादुरुस्त झाले, वादळ आले, तरी हप्ता थांबत नाही. व्याज हराम का आहे, याची चर्चा करताना आपण अनेकदा जुनी उदाहरणे देतो. येथे नवे उदाहरण समोर आहे. जो धोका घेत नाही तो लाभ मात्र ठरलेला घेतो, आणि सारा धोका कारागिराच्या माथी राहतो.

व्याजाविना भांडवल

मग सामान्य कारागिराने पावणेतीन लाख कोठून आणावे? तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग थोडे थोडे घेण्याचा. आज दोन किलोवॅट, दोन वर्षांनी आणखी तीन. यासाठी इन्व्हर्टर घेतानाच वाढीव क्षमतेचा घ्यावा आणि महावितरणकडे पुढील वाढीचे नियम विचारून ठेवावेत. पहिल्या पॅनेलची बचत वेगळ्या डब्यात ठेवावी. ती घरखर्चात मिसळली की दुसरा टप्पा कधीच येत नाही.

दुसरा मार्ग कर्ज-ए-हसनाचा. आपल्या जमातीत बिनव्याजी पतपुरवठा करणाऱ्या संस्था अनेक गावी आहेत. त्या आजारपण आणि शिक्षण यांसाठी रक्कम देतात. धंद्याच्या साधनासाठी, परतफेडीची वाट स्पष्ट असलेली रक्कम त्यांनी द्यावी की नाही, यावर विचार व्हावा. वर्षाला ६५,००० रुपये वाचणार असतील तर परतफेड बचतीतूनच होऊ शकते आणि तीच रक्कम दुसऱ्या कारागिराला देता येते.

तिसरा मार्ग शिरकतीचा, म्हणजे मुशारकाचा. यंत्रणेचे २५,००० रुपयांचे ११ हिस्से करा. कारागिराने ३ हिस्से घेतले, म्हणजे ७५,००० रुपये. ज्याच्याकडे रक्कम पडून आहे अशा नातेवाइकाने किंवा व्यापाऱ्याने ८ हिस्से, म्हणजे २,००,००० रुपये. कारागीर भागीदाराच्या हिश्शांचे भाडे देईल, समजा दर हिश्शाला वर्षाला २,००० रुपये, आणि दरवर्षी एक-दोन हिस्से विकत घेत जाईल. पहिल्या वर्षी भाडे १६,००० आणि एका हिश्शाचे २५,०००, मिळून ४१,०००. बचत ६५,००० होती, म्हणजे २४,००० हाती उरले. दुसऱ्या वर्षी ७ हिश्शांचे भाडे १४,००० आणि आणखी एक हिस्सा. तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या वर्षी दोन-दोन हिस्से. पाच वर्षांत आठही हिस्से कारागिराचे झाले. भागीदाराला मूळ रक्कम आणि ५४,००० रुपये भाडे मिळाले.

कोणी म्हणेल, हे ५४,००० म्हणजे व्याजच की! नाही. भागीदार येथे वस्तूचा मालक आहे. कारागिराच्या चुकीशिवाय यंत्रणा बंद पडली तर त्या काळाचे भाडे नाही. मोठी दुरुस्ती निघाली तर खर्च हिश्शाप्रमाणे दोघांवर. वादळात पॅनेल उडाले तर नुकसानही दोघांचे. जो धोक्यात भागीदार आहे तोच लाभात भागीदार आहे. मात्र ही अट कागदावर असली पाहिजे आणि पाळलीही गेली पाहिजे. ‘काहीही झाले तरी माझे भाडे द्यायचे’ असे लिहिले की नाव मुशारकाचे आणि व्यवहार व्याजाचा होतो. करार लिहून, साक्षीदारांसमोर करावा, ही कुरआनची शिकवण येथे तंतोतंत लागू पडते. मसुदा जाणकार आलिमांना आणि वकिलाला दाखवून मगच सही करावी.

अनुदान आणि कर

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. तिच्यात घरगुती जोडणीला १ किलोवॅटसाठी ३०,०००, २ किलोवॅटसाठी ६०,००० आणि ३ किंवा अधिक किलोवॅटसाठी ७८,००० रुपये अनुदान ठरले. गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये. हे अनुदान दुकान व कारखान्याच्या जोडणीला नाही, हे विसरू नये. अनुदानासाठी देशी बनावटीचे पॅनेल आणि नोंदणीकृत विक्रेता आवश्यक आहे. घरातच व्यवसाय करणाऱ्याने अनुदानासाठी जोडणीचा वर्ग खोटा सांगू नये. ते कायद्यालाही मान्य नाही आणि हलाल कमाईतही बसत नाही. आकडा टाकून घेतलेल्या विजेचेही तसेच. ती चोरीच आहे, मग ती महावितरणची असो वा शेजाऱ्याची.

दुकानदाराला दोन सवलती पाहता येतील. आयकरात सौर यंत्रणेवर ४० टक्के घसारा धरता येतो. पण जो अंदाजित नफ्याच्या योजनेत विवरण भरतो, त्याला घसारा वेगळा मिळत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्याने भरलेल्या कराची वजावट मिळते का, हे पाहावे. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ती मिळत नाही. आपल्या लेखापालाला खरेदीआधी विचारावे, नंतर नव्हे.

जकातीचा प्रश्नही वाचकांच्या मनात येईल. विक्रीच्या मालावर जकात आहे. उत्पादनाच्या साधनांवर, म्हणजे यंत्रे आणि हत्यारे यांवर ती नाही, असे बहुतेक उलमा सांगतात. छपरावरचे पॅनेल साधनांतच मोडते. त्यातून वाचून गल्ल्यात साठलेली रोकड मात्र हिशेबात धरावी लागेल.

कोणी थांबावे

प्रत्येकाने आजच पॅनेल घ्यावे, असा या लेखाचा आग्रह नाही.

बेकरीवाल्याचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड व कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. आदेश मुंबईपुरता असला तरी इतर शहरांच्या बेकरीवाल्यांनीही आपल्या भट्टीचा विचार करून ठेवावा. पण पावाची भट्टी रात्री आणि पहाटे पेटते, तेव्हा ऊन नसते. नेट मीटरिंगमध्ये दिवसाची जास्तीची वीज महावितरणकडे जमा होते आणि नंतर वापरता येते. तरी ज्या ग्राहकाला वेळेनुसार वेगळा दर आहे, त्याने दिवसाची जमा वीज रात्रीच्या वापरातून वजा होते का, हे आधी विचारावे. वर्षअखेर उरलेल्या युनिटांचा मोबदला विकत घेण्याच्या दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून नियम सोपा आहे. दिवसा काम करणाऱ्याला लाभ मोठा, रात्री काम करणाऱ्याने जपून हिशेब करावा.

भाड्याच्या गाळ्यातील कारागिरानेही सबुरी ठेवावी. छप्पर मालकाचे असते आणि ११ महिन्यांच्या करारावर २५ वर्षांची वस्तू बसविणे शहाणपणाचे नाही. मालकाशी लेखी ठरवावे. एक तर मालकाने पॅनेल बसवून भाड्यात थोडी वाढ घ्यावी, किंवा गाळा सोडताना पॅनेल काढून नेण्याचा हक्क कारागिराला द्यावा.

कोकणातील बंधूंसाठी दोन सूचना. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागात विजेचे खांब जमीनदोस्त केले आणि अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. पॅनेलचा सांगाडा अशा वाऱ्याला टिकेल असा आणि खाऱ्या हवेत न गंजणारा, गॅल्व्हनाइज्ड हवा. दुसरे असे की, साध्या नेट मीटरच्या यंत्रणेत वाहिनीची वीज गेली की सुरक्षेसाठी सौर वीजही बंद होते. वीज नसताना पंखा-दिवा हवा असेल तर बॅटरीची वेगळी सोय लागते आणि तिचा खर्च वेगळा धरावा लागतो.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

१. वर्षाला किती युनिटे मिळतील, हे लिहून देता काय? सावलीचा विचार केला आहे काय?
२. पॅनेल व इन्व्हर्टर यांची हमी किती वर्षांची आणि ती कोण पाळणार, कंपनी की तुम्ही?
३. माझ्या मंजूर भारात ही यंत्रणा बसते काय? भार वाढवावा लागला तर स्थिर आकार किती वाढेल?
४. नेट मीटरचा अर्ज, तपासणी आणि शुल्क किमतीत धरले आहे काय?
५. अनुदान मिळायला उशीर झाला तर तोवरची रक्कम कोण सोसणार?
६. बिघाड झाल्यास किती दिवसांत माणूस येईल?

तीन विक्रेत्यांकडून लेखी भावपत्रके घ्यावीत. सर्वांत स्वस्त घेण्यापेक्षा किमतीला हमीच्या वर्षांनी आणि युनिटांनी भागून पाहावे.

या आठवड्याचा अभ्यास

मागील १२ महिन्यांची बिले काढा. एका कागदावर महिना, युनिटे, एकूण रक्कम आणि स्थिर आकार असे चार रकाने करा. एकूण रकमेतून स्थिर आकार वजा करून उरलेली रक्कम युनिटांनी भागा. जो आकडा येईल तो तुमचा युनिटमागचा खरा खर्च. तो वर धरलेल्या १० रुपयांच्या जागी घाला आणि भांडवल किती वर्षांत परत येते ते पाहा. पाच वर्षांच्या आत आले, काम दिवसाचे असले, छप्पर आपले किंवा कराराने सुरक्षित असले आणि भांडवल व्याजाविना उभे राहत असले, तर पाऊल उचलायला हरकत नाही. यांपैकी एखादी गोष्ट नसेल तर आधी ती मिळवा. तोवर सर्व्हो मोटर आणि कमी वॅटचा पंखा यांची बचत कोणी अडविलेली नाही.

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या पाण्याने मुंबईच्या गिरण्यांना कोळशापासून सोडविले, पण त्यासाठी मोठे भांडवल लागले आणि ते धनिकांनीच उभे केले. आज पाच किलोवॅटचे वीजघर एका गाळ्याच्या छपरावर मावते. भांडवल अजूनही लागतेच. ते आपापसात शिरकतीने उभे करण्याची सवय आपल्या बाजारपेठांना लागली, तर या विजेचा लाभ कारागिराच्याच घरी राहील आणि त्याच्या रोजीत बरकत येईल, इन्शाअल्लाह.